वाहत्या पाण्यावर वाढणारी मुलं

टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या कयाक स्लॅलमची अंतिम फेरी २७ जुलै २०२१ रोजी झाली. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स तिसरी आली. तिची अधिकृत वेळ १०६.७३ सेकंद होती, तर सुवर्णपदक जिंकणाऱ्या जर्मनीच्या रिकार्डा फुंकची १०५.५०. पण फॉक्सच्या वेळेत चार सेकंद दंडाचे होते. उतरताना गेटच्या दांडीला दोनदा स्पर्श झाला आणि प्रत्येक स्पर्शाचे दोन सेकंद वाढले. नुसता पाण्यावरचा वेळ मोजला, तर ती फुंकपेक्षा पावणेतीन सेकंदांहून जास्त पुढे होती. दोनच दिवसांनी तिनं कनू प्रकारात सुवर्ण मिळवलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला कयाक आणि कनू ही दोन्ही सुवर्णपदकं तिचीच होती. तेव्हा ती तीस वर्षांची होती आणि अकरा-बारा वर्षांची असल्यापासून वल्हं मारत होती. हा खेळ नीट यायला लहानपण वाहत्या पाण्याच्या काठावर जावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी खेळ समजून घ्यायला हवा.

स्पर्धेचा मार्ग साधारण दोन-तीनशे मीटरचा असतो. पाण्यावर आडव्या तारा ताणलेल्या असतात आणि त्यांवरून दांड्यांच्या जोड्या पाण्याच्या जरा वर लोंबत असतात. एक जोडी म्हणजे एक गेट. एका मार्गावर अशी १८ ते २५ गेट असतात. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं गेट प्रवाहाबरोबर पार करायचं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रवाहाच्या विरुद्ध, खालून वर चढत. लाल गेट किमान सहा तरी असतातच. दांडीला वल्हं, होडी, हेल्मेट, खांदा, काहीही लागलं की दोन सेकंद दंड. गेट चुकलं तर पन्नास सेकंद, म्हणजे त्या फेरीत काही उरत नाही. उत्तम खेळाडू हे सगळं दीड मिनिटाच्या आसपास संपवतात. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. कनूमध्ये गुडघ्यांवर बसायचं आणि एकाच पात्यानं दोन्ही बाजू सांभाळायच्या. होडी कार्बन किंवा केव्हलारची, किमान साडेतीन मीटर लांब, वजन आठ किलोंच्या वर जेमतेम. शाळकरी पोरगीसुद्धा ती खांद्यावर टाकून चालू लागते.

आता पाण्याकडे पाहू. प्रवाहात खडक आला की पाणी दोन्ही बाजूंनी निघून जातं आणि खडकामागे पातळी थोडी खाली राहते. तो खड्डा भरायला खालचं पाणी उलटं, वरच्या दिशेनं येतं. कयाकवाले या पट्ट्याला एडी म्हणतात. एडी संथ दिसते, पण तिच्या आणि मुख्य प्रवाहाच्या सीमेवर दोन विरुद्ध दिशांचं पाणी एकमेकांना घासत असतं. होडीचं नाक एडीत शिरलं आणि शेपटी अजून प्रवाहात असली, की होडी आपोआप गर्रकन फिरते. वळणावर सायकल आत झुकवतो, तशी या क्षणी होडी वळणाच्या आतल्या बाजूला कलवावी लागते. उलट बाजूला कलली, तर येणारं पाणी तिच्या काठावर चढतं आणि क्षणात खेळाडू डोकं खाली, होडी वर अशा अवस्थेत असतो.

लाल गेट बहुधा या एडीतच टांगलेली असतात. खेळाडू वेगानं उतरत येतो, सीमा ओलांडतो, वल्ह्याचं पातं एका जागी रोवून धरतो आणि त्याभोवती होडी फिरवतो. होडीची मागची बाजू मुद्दाम इतकी चपटी असते की अंगाचं वजन मागे टाकलं की ती पाण्याखाली जाते, नाक वर उचललं जातं आणि होडी जवळजवळ जागच्या जागी वळते. गेटमधून डोकं आणि खांदे दांडीला न लागता निसटतात आणि होडी पुन्हा प्रवाहात येते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. त्यात वल्ह्याचा एक फटका जास्त मारावा लागला, तरी तो निकालात दिसतो.

यात खरी अडचण अशी की पाणी स्थिर नसतं. त्याच खडकामागची एडी एका क्षणी भरलेली असते, दुसऱ्या क्षणी उसळून बाहेर येते. लाट फुगते, बसते, पुन्हा फुगते. म्हणून जिम्नॅस्टिक्ससारखी हालचालींची एक साखळी पाठ करून भागत नाही. आपण तिथे पोचू तेव्हा पाणी काय करत असेल, याचा अंदाज शरीरानंच घ्यावा लागतो, कारण डोक्यानं विचार करायला वेळच नसतो. हा अंदाज व्यायामशाळेत मिळत नाही आणि पुस्तकातही नाही. हजारो वेळा त्या सीमा ओलांडल्यावर तो अंगात येतो.

युरोपात मुलं साधारण आठ-दहा वर्षांची असताना सुरुवात करतात. पहिला धडा वल्ह्याचा नसतो, उलटं होण्याचा असतो. खेळाडूच्या कमरेभोवती रबरी पडदा असतो आणि तो होडीच्या तोंडावर घट्ट बसतो, म्हणजे आत पाणी शिरत नाही. होडी उलटली की पाण्याखाली शांत राहून पडद्याची पट्टी चाचपायची, ओढायची आणि बाहेर यायचं. गरम पाण्याच्या तलावात मुलं हे पुन्हा पुन्हा करतात, भीती जाईपर्यंत. मग येतो रोल, म्हणजे होडीतून बाहेर न पडता सरळ होणं. नवशिकी मुलं हातांच्या जोरावर उठायला बघतात आणि फसतात. होडी फिरते ती कमरेच्या झटक्यानं, आणि डोकं सगळ्यांत शेवटी वर यायला हवं. श्वासासाठी डोकं आधी वर काढण्याची ओढ दाबायला शिकणं ही या खेळातली पहिली मोठी पायरी आहे. रोल पक्का बसला की मूल धाडसानं पाण्यात शिरतं, आणि धाडसानं शिरलं तरच शिकतं.

त्यानंतरच्या कित्येक वर्षांतला बराच सराव संथ पाण्यावर होतो. तलावावर किंवा कालव्यावर गेट टांगून तासन् तास वळणं घ्यायची. बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं, पण संथ पाणी कुणाला मदत करत नाही, त्यामुळे तिथे दोष लपत नाहीत. मोठे खेळाडूसुद्धा आठवड्यातून काही वेळा संथ पाण्यावर परततात. उसळत्या पाण्यावरचा सराव मात्र तुकड्यातुकड्यांनी होतो. सात-आठ गेटचा एक टप्पा, वीस-तीस सेकंदांचा, पूर्ण ताकदीनं. मग दोन-तीन मिनिटं विश्रांती आणि तोच टप्पा पुन्हा. प्रशिक्षक काठावरून होडीबरोबर धावत चित्रीकरण करतो. संध्याकाळी दोन गेटमधला वेळ शतांश सेकंदापर्यंत तपासला जातो. एखाद्या हिरव्या गेटमधून सरळ जावं की होडी फिरवून उलट्या पाठीनं जावं, असे प्रश्न त्यात सुटतात. पाठीनं जाण्यात पुढचं दिसत नाही, पण कधी कधी अर्धा सेकंद वाचतो. चौदा-पंधरा वर्षांची मुलं या अर्ध्या सेकंदावर प्रशिक्षकाशी हिरिरीनं वाद घालतात, आणि चांगले प्रशिक्षक तो वाद होऊ देतात. पाण्यात निर्णय मुलालाच घ्यायचा असतो.

दीड मिनिटाचा जोर हा शरीरासाठी अवघड प्रकार आहे. धावण्यातल्या ८०० मीटरच्या शर्यतीची आठवण करून देणारा. निव्वळ झटक्याची ताकद पुरत नाही आणि निव्वळ दमही पुरत नाही. म्हणून लांब पल्ल्याचं वल्हवणं, धावणं, पुल-अप्स, पाठीचे आणि पोटाचे व्यायाम हे सगळं लागतं. खांदा हा सगळ्यांत नाजूक भाग. वल्हं डोक्याच्या मागे, वर गेलं आणि त्याच क्षणी पाण्यानं ते ओढलं, तर खांदा निखळतो. म्हणून कोपर खाली आणि हात छातीसमोर ठेवण्याची सवय लहानपणीच लावतात. मनगटाच्या कंडरा सुजतात, तळहाताची सालं निघतात. वर्षानुवर्षं थंड पाणी कानात गेलं, तर कानाच्या नळीत हाड वाढून ती अरुंद होते. तरुण खेळाडूंच्या आईवडिलांना याची कल्पना आधीच द्यायला हवी, असं मला वाटतं.

शाळा सांभाळायची असतेच. सकाळी शाळेआधी पाण्यावर, संध्याकाळी पुन्हा पाण्यावर नाहीतर व्यायामशाळेत. ओले कपडे वाळवणं, होडीला गेलेला तडा रेझिननं बुजवणं ही कामंही मुलांचीच. ब्रिटनमध्ये नवखी मुलं स्पर्धांच्या चौथ्या विभागात उतरतात आणि गुण मिळवत तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या आणि शेवटी प्रीमियर विभागात जातात. शनिवार-रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं नदीकाठी तंबू ठोकतात. काठावर बसून दांडी हलली की नाही हे बघणारे पंच बरेचदा दुसऱ्या स्पर्धकांचे आईवडील असतात. मोठं क्रीडासंकुल, झगमगाट, यातलं काही नसतं. या खेळाचा पाया असा घरगुती आहे आणि विजेत्यांच्या वंशावळीत तो स्पष्ट दिसतो.

जेसिका फॉक्सचे वडील रिचर्ड फॉक्स हे ब्रिटनचे. १९८१ ते १९९३ या काळात त्यांनी कयाकमध्ये वैयक्तिक विश्वविजेतेपद पाच वेळा जिंकलं. यातल्या बहुतेक काळात हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा आला आणि पुन्हा दिसला तो थेट १९९२ मध्ये बार्सिलोनाला. आई मिरियम जेरूसाल्मी फ्रान्सची, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकची कांस्यपदक विजेती. जेसिकाचा जन्म मार्सेचा. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकच्या तयारीसाठी वडिलांना ऑस्ट्रेलियात काम मिळालं आणि कुटुंब पेनरिथला गेलं. तिथे आईच तिची प्रशिक्षक झाली. धाकटी बहीण नोएमीनं पॅरिसला कयाक क्रॉस या नव्या प्रकारात सुवर्ण मिळवलं. स्लोवाकियाचा मिखाल मार्टिकान अटलांटाला सतरा वर्षांचा असताना कनूचा विजेता झाला. स्वतंत्र स्लोवाकियाचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. त्याचे प्रशिक्षक होते त्याचे वडील. त्याच देशाच्या होखशोर्नर जुळ्या भावांनी २०००, २००४ आणि २००८ अशी ओळीनं तीन सुवर्णपदकं घेतली, तीही वडिलांच्या हाताखाली. फ्रान्सचा टोनी एस्तांगे, पुढे पॅरिस ऑलिम्पिकच्या आयोजन समितीचा अध्यक्ष झालेला, तोही कनूवाल्यांच्या घरातलाच.

सतरा वर्षांच्या मुलाचं सुवर्ण पाहून हा खेळ कोवळ्या वयाचा वाटेल, पण बास्क प्रांतातल्या मायालेन चौराउतचं उदाहरण त्याच्या शेजारी ठेवायला हवं. तिनं २०१६ मध्ये रिओला सुवर्ण जिंकलं तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती, एका लहान मुलीची आई होती. टोकियोला अडतिसाव्या वर्षी तिनं रौप्य मिळवलं. स्नायूंचा जोर ओसरू लागतो तेव्हाही पाण्याची समज वाढतच असते. मार्टिकान आणि चौराउत यांच्या सुवर्ण जिंकतानाच्या वयात एवढं अंतर, पण दोघांनीही वाहत्या पाण्यावर मोठा काळ घालवला होता, हे दोघांना जोडणारं सूत्र आहे.

पाणी उपलब्ध असणं म्हणजे काय, हे पेनरिथला कळतं. तिथला मार्ग माणसानं बांधलेला आहे. लांबी ३२० मीटर, उतार साडेपाच मीटर, आणि पंप सेकंदाला सुमारे १४ घनमीटर, म्हणजे चौदा हजार लिटर पाणी वर चढवतात. खाली पोचलेला खेळाडू होडीतून न उतरता सरकत्या पट्ट्यावरून पुन्हा वर येतो. तासाभरात कितीतरी फेऱ्या होतात. नदीवर हे शक्य नसतं, तिथे होडी खांद्यावर घेऊन काठानं चढावं लागतं. युरोपातले संघ आपल्या हिवाळ्यात जानेवारी-फेब्रुवारीला सरावासाठी तिकडे जातात, कारण तेव्हा ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो. पंप चालवायला मात्र भरपूर वीज लागते, त्यामुळे पाणी सुरू असण्याचे तास मोजके असतात.

जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा आइसकनाल यापेक्षा वेगळा. १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी तो तयार झाला. लेख नदीचं पाणी त्यात आपल्या उतारानं येतं, पंप नाहीत. २०१९ मध्ये युनेस्कोनं आउग्सबुर्गची जुनी जलव्यवस्था जागतिक वारसा म्हणून मान्य केली, त्यात हा कालवाही आहे. पूर्व जर्मनीनं १९७२ पूर्वी याच कालव्याची प्रतिकृती त्स्विकाऊ इथे बांधली, खेळाडूंना तिच्यावर घोटून घेतलं आणि म्युनिकची चारही सुवर्णपदकं नेली. पाण्याची ओळख किती मोलाची, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

म्हणूनच स्पर्धेसाठी लावलेल्या गेटवर आधी कुणाला सराव करू देत नाहीत. गेट नव्यानं लावली जातात आणि स्पर्धक नसलेले काही जण तो मार्ग उतरून दाखवतात. स्पर्धकांनी फक्त काठावरून पाहायचं. प्रशिक्षकाबरोबर ते वरून खाली चालत येतात, प्रत्येक गेटपाशी थांबतात, पाण्याच्या उसळीचा ताल पाहतात. मग डोळे मिटून, रिकाम्या हातांनी हवेत वल्हं मारत पूर्ण मार्ग मनातल्या मनात उतरतात. वीस-बावीस गेटचा क्रम, प्रत्येक ठिकाणची दिशा, फटका कुठे, श्वास कुठे, आणि ठरवलेलं फसलं तर दुसरा मार्ग कोणता. पंधरा वर्षांच्या मुलामुलींकडून एवढ्या एकाग्रतेची अपेक्षा दुसऱ्या फार थोड्या खेळांत असेल.

आशियातल्या मुलाला हे सगळं कसं मिळावं? जपानच्या ताकुया हानेदानं एक उत्तर दिलं. तो टोयोटा शहरातला, वडील याच खेळातले. जपानमध्ये तेव्हा बांधलेला एकही मार्ग नव्हता. उच्च माध्यमिक शाळा संपवून तो अठरा-एकोणीस वर्षांचा असताना स्लोवाकियाला गेला, तिथली भाषा शिकला, तिथेच विद्यापीठात शिकला आणि जगातल्या उत्तम कनूवाल्यांबरोबर रोज पाण्यात उतरला. रिओला त्यानं कांस्यपदक मिळवलं, जपानचं कनूमधलं पहिलं ऑलिम्पिक पदक. जपानचा पहिला कृत्रिम मार्ग टोकियो ऑलिम्पिकसाठी कासाईला बांधला गेला, तो त्यानंतर. एका मुलानं घरदार सोडून परदेशी राहणं हे कौतुकाचं आहे, पण हा मार्ग किती घरांना परवडेल?

भारतात या खेळाचं नाव निघतं ते महेश्वरला. अहिल्याबाईंच्या राजधानीच्या घाटापासून काही किलोमीटर खाली सहस्रधारा आहे. काळ्या बेसाल्टच्या खडकांतून नर्मदा असंख्य धारांनी फुटून वाहते. २०२३ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा कनू स्लॅलमच्या शर्यती इथेच झाल्या. त्याच वर्षी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत भारताचा स्लॅलम संघ उतरला. सहस्रधारेचं पाणी सुंदर आणि शिकवणारं आहे, पण ते वरच्या धरणांतून किती सुटेल यावर अवलंबून आहे. ठरावीक वेळी ठरावीक प्रवाह मिळेल असा बांधलेला मार्ग तिथे हवा. आपल्या खेळाडूंना परदेशी दौऱ्यावर महिनाभर पाठवण्यापेक्षा या एका गोष्टीनं जास्त फरक पडेल.

महाराष्ट्रालाही यात जागा आहे आणि ती कोलाडला आहे. मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीज केंद्रातून येऊन कुंडलिका नदीत सुटतं आणि त्या पाण्यावर राफ्टिंग चालतं. पावसाळा सरला तरी हे पाणी येत राहतं, हा मोठा ठेवा आहे. धरणातून सोडलेल्या पाण्यावर स्लॅलम होत नाही, असं कुणी म्हणू नये. अटलांटा ऑलिम्पिकची स्पर्धा टेनेसी राज्यातल्या ओकोई नदीवर झाली. तिथलं पाणी विजेसाठी वळवलेलं असल्यामुळे पात्र एरवी कोरडं असे. दगड रचून ते पात्र अरुंद केलं, धरणातून पाणी सोडलं आणि मार्टिकान तिथेच जिंकला. कोलाडला ऑलिम्पिक भरवायचं नाही. दोन तारा, आठ-दहा गेट, काही जुन्या प्लास्टिकच्या होड्या, लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि रोल शिकवणारा एक जाणता माणूस, एवढ्यानं सुरुवात होते. तिथले राफ्टिंगचे गाइड पाणी ओळखतात, नदीकाठच्या गावांत पोहणारी मुलं आहेत. राफ्टिंग व्यावसायिकांनी, जिल्हा क्रीडा कार्यालयानं आणि वीज केंद्र चालवणाऱ्यांनी एकत्र बसून आठवड्यातले दोन दिवस, पाणी येण्याच्या वेळेचा एक तास, दहा वर्षांच्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा.